हा पराक्रम कोणावर?

तो नारळ मी फोडला होता. हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे चार कठोर शब्द लिहावे लागणार आहेत ते केवळ परक्यांस उद्देशून आहेत, असा वाचकांचा ग्रह व्हावयाचा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात सत्तरी महालातील आमच्या गावच्या देवस्थानाकडे शहरातल्या एका मोटार-मंडळाचे पत्र आले. ज्या गाड्यांच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते, ज्यांना आजची मुले ‘फोर बाय फोर’ म्हणतात, अशा गाड्यांच्या मालकांनी मिळून काढलेले हे मंडळ. आठवडाभर कचेरीत बसावयाचे आणि शनिवारी-रविवारी डांबरी रस्ता सोडून रानात, चिखलात, ओहोळांत गाड्या घालावयाच्या. रुतल्या म्हणजे दोरखंड लावून एकमेकांस ओढून काढावयाचे. संध्याकाळी चिखलाने माखलेल्या गाड्यांची छायाचित्रे घेऊन घरी परतावयाचे, असा त्यांचा छंद. पत्र अत्यंत विनयाने लिहिलेले होते. आषाढातील एका रविवारी सोळा गाड्या देवळाच्या प्रांगणात जमतील, देवाचा आशीर्वाद घेतील आणि देवराईच्या कडेने सड्यावर चढणाऱ्या जुन्या वाटेने वर जाऊन परत येतील; सभामंडपाच्या डागडुजीसाठी मंडळ यथाशक्ती देणगी देईल, असा त्यातील आशय होता.

सभामंडपाची कौले तीन वर्षे गळत होती. महाजनांच्या सभेत पत्र वाचले गेले तेव्हा परवानगी द्यावी अशी सूचना मीच मांडली. कोणी विरोध केला नाही. एका वृद्ध गावकराने एवढेच विचारले, की वर जाऊन ही माणसे करणार काय? त्यावर सगळे हसले, मीही हसलो. त्या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही.

त्या रविवारी पाऊस क्षणभरही थांबला नव्हता. देवापुढे गाऱ्हाणे घातले गेले. सगळ्यांना हातीपायी सुखरूप परत आण, वाटेत विघ्न येऊ देऊ नको, ‘व्हय महाराजा’. मी नारळ फोडला, तीर्थप्रसाद झाला, पोरेबाळे कौतुकाने पाहत राहिली आणि सोळा गाड्या गुरगुरत वर चढल्या. मुले सुस्वभावी होती. कोणी मद्य प्यालेला नव्हता, कोणी कचरा टाकला नाही, संध्याकाळी उतरल्यावर पायांवर पाणी घेऊनच ती देवळात आली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण या प्रकरणात दुष्ट माणूस शोधू गेल्यास तो सापडत नाही.

आता वाटेचे काय झाले ते ऐका. ही वाट धनगरांची, गुरांची आणि वर्षातून एकदा सड्यावरच्या देवाच्या स्थळाकडे जाणाऱ्या पालखीची. ती डोंगराला आडवी, वळणे घेत चढते. गाड्यांना ती वळणे मानवली नाहीत. दोन ठिकाणी त्या सरळ उभ्या चढल्या. जेथे वाट देवराईतल्या झरीचा पाट ओलांडते तेथे आमच्या पूर्वजांनी चिऱ्यांचा एक लहानसा बांध घातलेला होता. माणूस त्यावर पाय ठेवून पलीकडे जाई, गुरे बाजूने पाण्यात उतरून जात. त्या बांधावरून सोळा गाड्या वर गेल्या आणि सोळाच्या सोळा परत आल्या. त्यांतल्या चार तेथेच रुतून बराच वेळ जागच्या जागी चाके फिरवीत राहिल्या. बांध फुटला. त्या रात्री आणि पुढचे दोन महिने जो पाऊस पडला त्याचे पाणी पाटाने न जाता चाकोऱ्यांनी खाली धावले. गणेशचतुर्थीपर्यंत त्या चाकोऱ्यांची कमरेएवढी घळ झाली. देवळाच्या तळीत तांबडा गाळ बसला, खालच्या तीन कुळागरांत पोफळींच्या बुंध्यांशी माती साचली, आणि मार्गशीर्षात, जेव्हा पाटाला निदान मनगटाएवढी धार असावयाची, तेव्हा पाट कोरडा पडला. मंडळाने दिलेली देणगी तळीतला गाळ उपसण्यात संपली.

पाट ज्यांच्या कुळागरात पहिल्याने शिरतो त्या घरची म्हातारी मला देवळाच्या पायरीवर भेटली. तिने भांडण केले नाही. ती एवढेच म्हणाली, “देवाचे वाटेर तुमी चाकां चडयलीं, आतां उदक खंयच्यान वचतलें?”

मंडळाला आम्ही सर्व कळविले. उत्तर तत्परतेने आले, तेही विनयाचे. वाट मुळातच खराब होती, असे त्यात म्हटले होते. तरीही सद्भावना म्हणून सिमेंटच्या वीस गोण्या पाठविण्यात येत आहेत. गोण्या आल्या. त्या देवळाच्या अग्रशाळेत दगड होऊन पडल्या आहेत. झरीचे मोडलेले वळण सिमेंटने सांधता येत नाही, हे त्या मुलांना कोणी शिकविलेले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही ते त्या वर्षीच कळले.

‘वाट मुळातच खराब होती.’ या एका वाक्यावर माझा सारा राग आहे. खराब म्हणजे कोणाच्या दृष्टीने? मोटारीच्या दृष्टीने. माणसाच्या, गुराच्या आणि पाण्याच्या दृष्टीने ती उत्तम होती. ती कित्येक पिढ्या टिकली यावरूनच ते सिद्ध होते. कोकणपट्टीतून बेळगावच्या बाजारपेठेकडे चढणारा रामघाट पाहा, चोर्ल्याची जुनी वाट पाहा. या घाटवाटांनी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ वर नेत आणि धान्य खाली आणीत. लादलेला बैल उभ्या चढणीने जात नाही. म्हणून वाटेला वळणे आली, आणि वळणांमुळे पाण्याचा वेग मोडला. बैल आडवा चढतो, जीप उभी चढते. शिवाय रुतलेले चाक जेव्हा जागच्या जागी गरगर फिरते तेव्हा ते जमीन तुडवीत नाही, खरवडते. ओली माती वजनाने दाबली गेली की तिच्यातली छिद्रे मिटतात, पाणी आत मुरावयाचे थांबते आणि वरून वाहू लागते. त्याला वाहावयास आयती चाकोरी मिळते. ज्या घाटमाथ्यावर आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो तेथे त्या चाकोरीचे पुढे काय होते, हे सांगावयास भूगर्भशास्त्रज्ञ नको. ग्वाल्हेरकडील वाचकांनी चंबळेच्या काठचे बीहड पाहिलेले आहेत. तेथली माती नदीच्या गाळाची, आमची जांभ्याची. पण घळ पडण्याची रीत एकच. प्रथम बोटभर रुंद ओघळ, मग हातभर, मग पुरुषभर. आणि ती एकदा मागे मागे सरकत डोंगर खाऊ लागली म्हणजे तिला आवरणे राजालाही कठीण.

जीप या वाहनाशी माझे वैर नाही. १९४१ च्या सुमारास अमेरिकन सैन्यासाठी ती घडविली गेली. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, आणि जेथे सडक नव्हती तेथे देवीची लस, मलेरियाची फवारणी, मामलेदार आणि मतपेट्या या गाडीनेच पोचविल्या. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी मागे हटताना पूल उडवून दिले आणि भारतीय सैन्याला नद्या-नाले ओलांडत पुढे यावे लागले, तेव्हा अशा वाहनांचे मोल गोमंतकाने डोळ्यांनी पाहिले. त्या काळी चिखलात गाडी घालणाऱ्याला पलीकडे काही काम असे. आज चिखल हेच काम झाले आहे. डोंगरातल्या वाड्यांवरून बाळंतिणीला डोलीत घालून चार माणसे ज्या चिखलातून खांदे बदलीत धावली, त्या चिखलात कोणी तरी हौसेने रुतून बसावे आणि त्याला पराक्रम म्हणावे, यात मला एक प्रकारची असभ्यता दिसते. ज्याच्या घरी धान्य आहे त्याने उपास करावा, ते ठीक. पण उपाशी माणसाच्या दारात बसून उपासाचा उत्सव करू नये.

आणि हा चिखल, हे डबके, हा ओसाड सडा म्हणजे तरी काय आहे? खालून पाहणाऱ्यास सडा म्हणजे काळा, तापलेला, निरुपयोगी कातळ वाटतो. उन्हाळ्यात तो तसा असतोही. पण मृगाच्या सरी पडल्या की जांभ्याच्या खळग्यांत वीतभर पाणी साठते, बोटभर मातीत गेंद, तेरडे, सीतेची आसवे, दवबिंदू उगवतात. त्या मातीत अन्नाचा अंश इतका थोडा, की यांतल्या शेवटच्या दोन वनस्पती बारीक जीवजंतू पकडून आपले पोषण करून घेतात. अशा जागी बोटभर माती जमावयास किती पावसाळे लागले असतील याचा विचार करा, आणि दोन टनांच्या गाडीच्या दातेरी टायरखाली ती उकलावयास किती क्षण लागतात याचाही करा. आंबोलीला एक भेक आहे. वाघासारखे पट्टे अंगावर असल्याने शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याला तसेच लॅटिन नाव दिले. तो आंबोलीच्या परिसराबाहेर जवळजवळ कोठेच आढळत नाही, आणि त्याची मादी पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालते. ज्या डबक्यातून गाडी दामटल्यावर पाणी दोन्ही बाजूंना पंख्यासारखे उडते, आणि ज्याची चित्रफीत घरोघर कौतुकाने पाहिली जाते, ते डबके असा कोणाचा तरी पाळणा असते.

त्याच आंबोलीत हिरण्यकेशी उगम पावते; ती पुढे संकेश्वरावरून जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणून बेळगावकरांचीही ती आहे. उगमापाशी महादेवाचे देऊळ आहे. तेथल्या पाण्यात २०२० मध्ये बोटाएवढ्या माशाची एक नवी जात अभ्यासकांना आढळली. तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केली. देवाच्या दारातले पाणी म्हणून पिढ्यान् पिढ्या ते कोणी ढवळले नाही; विज्ञानाला जे रत्न सापडले ते या न ढवळण्यातून सापडले. आमच्या सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय घ्या, किंवा दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची राय घ्या. दोन्हींत रानजायफळाची दलदल आहे. हे झाड बाराही महिने पाण्याने भिजलेल्या चिखलात उभे असते आणि मुळांना श्वास घेता यावा म्हणून ती गुडघ्यांसारखी वाकवून चिखलाबाहेर काढते. त्या गुडघ्यांवरून एकदा चाक गेले की झाडाचा श्वास कोंडतो. मोटार-मंडळाच्या भाषेत मात्र अशा जागेचे वर्णन ‘उत्तम चिखल’ एवढ्या दोन शब्दांत आटोपते.

१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा सरकारी जंगलांत न उरलेल्या कित्येक वृक्ष-वेली देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत त्यांना उभ्या दिसल्या. ही राखण कायद्याने केलेली नव्हती. देवराईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, एवढा धाक पुरला. आज कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याविना पाऊल टाकता येत नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये झाली, खानापूरकडचे भीमगड २०११ मध्ये. परिणाम असा झाला, की चौकीवर अडविल्या जाणाऱ्या गाड्या अभयारण्याच्या सीमेबाहेरच्या रानाकडे वळल्या. सीमेबाहेर काय आहे? सडे, गायराने आणि आपल्या देवराया. तेथे चौकी नाही, वनरक्षक नाही. तेथे आहे ती देवस्थान-समिती. गोव्यातली देवस्थाने १९३३ च्या नियमावलीने चालतात. अंदाजपत्रक मामलेदारांपुढे ठेवावे लागते, पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. झरीचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. तो आपणच आपल्याकडे मागावयाचा असतो. आणि आपण मागितला नाही, हा माझा आपणा सर्वांवरचा आरोप आहे. सोळा गाड्यांच्या मुलांनी परवानगी मागितली होती. ती आम्ही दिली.

आता या छंदाच्या कैवाऱ्यांची उत्तरे ऐकू. मी ती पुष्कळ ऐकली आहेत, कारण माझा सख्खा पुतण्या असल्याच एका मंडळाचा सभासद आहे आणि चतुर्थीला घरी आला म्हणजे आमचा वाद मोदकांपासून उत्तरपूजेपर्यंत चालतो.

तो म्हणतो, काका, खाणींनी डोंगरच्या डोंगर गिळले तेव्हा तुम्ही कोठे होता? हा घाव वर्मी बसतो. २०१२ मध्ये खाणी थांबेपर्यंत गोव्याच्या नद्यांतून लाल माती वाहत होती, आणि खाणमालकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले सभामंडप गोव्यात थोडे नाहीत. तेव्हा देवळांनी मौन पाळले. पण त्या मौनाची लाज वाटते म्हणून आता दुसऱ्यांदा मौन पाळावे, हा कोठला न्याय? मोठ्या दरोड्याच्या वेळी झोपलेल्या राखणदाराने लहान चोरीच्या वेळीही झोपून राहावे, असे त्याला सांगणारा मनुष्य राखणदाराचा हितचिंतक नव्हे.

तो म्हणतो, आमच्या गाड्या संकटात उपयोगी पडतात. हे खरे आहे. २०१८ च्या ऑगस्टात केरळात महापूर आला तेव्हा अशाच छंदी लोकांनी आपल्या उंच गाड्या पाण्यात घालून माणसे बाहेर काढली. त्यांना माझा नमस्कार असो. परंतु पट्टीचा पोहणारा सरावासाठी दर रविवारी शेजाऱ्याच्या पिण्याच्या विहिरीत उड्या घेत नाही. सराव हवा तर चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणी ठिकठिकाणी पडल्या आहेत. मालकाशी बोलावे, भाडे भरावे, वाटेल तितका चिखल करावा. १९९७ मध्ये मलेशियात सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भरू लागली. तिच्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, स्पर्धेला निदान आखलेली जागा, पंच आणि नियम असतात. रविवारच्या सहलीला काय असते? वाट दिसेल तिकडे जाणे हाच तिचा आनंद, आणि मंडळातल्या मागच्या गाडीने पुढच्या गाडीहून अवघड जागी जाणे हीच तिची प्रतिष्ठा. २०२३ च्या डिसेंबरात हिमाचलातल्या लाहौलमध्ये एका प्रवाशाने वाहतुकीची रांग टाळण्यासाठी आपली गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली. पोलिसांनी त्याला दंड केला. तो कोणत्या मंडळाचा नसेल. पण पाणी दिसले की त्यात चाक घालावे ही बुद्धी हवेतून येत नाही, ती अशाच चित्रफितींतून शिकली जाते.

तो म्हणतो, गावाला चार पैसे मिळतात. किती? त्या रविवारी चहा-भज्यांचे मिळाले असतील ते असोत. गाळ उपसण्याची मजुरी मी वर सांगितली आहे. कुळ्याहून दूधसागराकडे प्रवासी नेणाऱ्या जीपवाल्यांचे उदाहरण काही जण पुढे करतात. ते ठरलेल्या वाटेने जातात, पावसाळ्यात बंद ठेवतात आणि त्यावर त्यांची चूल पेटते. त्यांच्याबद्दलही बोलण्याजोगे बरेच आहे, पण पोटासाठी चाक चालविणारा आणि गंमत म्हणून चालविणारा यांना एका तराजूत घालावयाचे नाही.

शेवटी तो म्हणतो, तुम्हां वडीलधाऱ्यांना तरुणांचा उत्साहच सहन होत नाही. येथे मात्र मी त्याला बोलू देत नाही. २०२० मध्ये मोले येथील अभयारण्यातून वीजवाहिनी, दुपदरी लोहमार्ग आणि रुंद महामार्ग नेण्याचे घाटत होते. तेव्हा साथीच्या दिवसांत रस्त्यावर उतरले ते गोव्याचे तरुण होते, आम्ही वडीलधारे घरी बसलो होतो. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या लोहमार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची संमती रद्द ठरविली, याचे श्रेय पुष्कळ अंशी त्या मुलांना आहे. उत्साह कोणत्या बाजूने खर्च करावयाचा, एवढाच प्रश्न आहे. माझा पुतण्या त्या चळवळीतही होता. दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा नांदतात ते मला कळत नाही. तोही मला समजावून सांगू शकलेला नाही.

आम्हां देवळातल्या लोकांना एक वेगळी गोष्ट विचारावीशी वाटते. देवळाच्या उंबरठ्याशी आपण चामड्याची वहाण काढतो. दगडी फरशीला वहाणेने काही इजा होत नाही; तरी काढतो, कारण जागा कोणाची आहे हे पायांना कळावे. मग देवळाहून जुन्या अशा देवराईत दोन टनांचे यंत्र घेऊन जाताना पायांना काहीच कसे कळत नाही? गोमंतकात कित्येक गावी वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून नव्या वाहावयाच्या, अशी श्रद्धा. आमचा सीमारक्षक देव पायी चालतो. पंढरीची वाट लक्षावधी माणसे पायी चालतात. पालखी माणसाच्या खांद्यावरून जाते, गाडीत घालून नेणे सोपे असूनही. हे मागासलेपण नव्हे. चालणाऱ्याला वाट कळते, रुतणारी जागा तो बाजूने टाळतो, झरीपाशी वाकून पाणी पितो, आणि जेथे पाणी प्यालो तेथे घाण करू नये ही बुद्धी त्याला कोणी न शिकविता होते.

पण हे बोलण्याचा अधिकार आपण कितपत ठेवला आहे, तेही पाहावे. देवराईच्या पोटातून देवळापर्यंत काँक्रीटचा रस्ता कोणी नेला? मोटारी उभ्या करावयास जागा हवी म्हणून जुने वृक्ष कोणी पाडले? जत्रेच्या रात्री रानात दिव्यांचा लखलखाट कोण करतो? मोटार-मंडळाच्या मुलांना देवराईची वाट खुली वाटली, कारण पहिले चाक आपणच आत नेले होते. म्हणून माझी मागणी त्या मंडळांकडे नाही. देवस्थान-समित्यांकडे, महाजनांकडे आणि गावकरांकडे आहे. देणगी नाकारा. नारळ देऊ नका. गाऱ्हाणे घालू नका. विघ्न टाळावे म्हणून ज्याला साकडे घालावयाचे त्याच्याच अंगणात विघ्न आणून सोडणाऱ्यांसाठी तर मुळीच घालू नका. सत्तरी, सांगे, दोडामार्ग, खानापूर या तालुक्यांतल्या समित्यांनी एका वर्षात एवढे जरी केले तरी घाटमाथ्याच्या पुष्कळ वाटा वाचतील, आणि त्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

यंदा वैशाखात आमच्याकडे पुन्हा पत्र आले आहे. मंडळ दुसरे, गाड्या बावीस, देणगी पहिलीच्या दुप्पट. उत्तराचा मसुदा मी केला आहे आणि तो सभेपुढे ठेवणार आहे. त्यात लिहिले आहे, की गाड्या वेशीवरच्या पिंपळाच्या पारापाशी थांबतील. तेथून सड्यावर पायी जावयास सुमारे दीड तास लागतो. वाट दाखविण्यास धनगरवाड्यावरचा एक मुलगा येईल, त्याची मजुरी त्याच्या हाती द्यावी. फुटलेल्या बांधाला अजून दोनशे चिरे लागतील. ते पारापाशी रचून ठेवले आहेत. येणाऱ्यांनी दोघांत एक याप्रमाणे ते पाटापर्यंत वाहून न्यावेत. रचण्याचे काम गावातला गवंडी करील, सिमेंट वापरणार नाही. देणगी स्वीकारली जाणार नाही.

माझ्या पुतण्याने हा मसुदा वाचला. तो म्हणाला, यावर कोणी येणार नाही. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, की एक चिरा वजनाला साधारण किती भरतो.

सभा वटपौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे. दोन सभासद माझ्या बाजूचे आहेत, तिघे विरुद्ध, बाकीच्यांचे अजून ठरलेले नाही. सभामंडपाची कौले गळतातच आहेत.